एक कागद कमी

लग्नात जेवणं झाली की निघताना पाहुण्यांच्या हातात मिठाईचं खोकं देतात. तुम्ही-आम्ही काय करतो, तिथंच उघडून लाडू खातो, नाहीतर पिशवीत टाकून घरच्या लेकरांसाठी नेतो. वासुदेवभाऊ हटवार खोक्यातला लाडू काढून बाजूच्या माणसाच्या हातावर ठेवतात. ओळख असो की नसो. शेव असली तर शेवही. मग खोकं पालथं करतात, जिथे डिंकाचा जोड असतो तिथे अंगठ्याचं नख घालतात, आणि घडीची साडी उकलावी तसं ते खोकं उकलून मांडीवर सपाट पसरतात. त्यानंतर मंडपात नवरी पळून गेली तरी त्यांना कळायचं नाही.

माझ्या पुतण्याच्या लग्नात, विहाराच्या मंडपात, त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर नवरीचा मामा बसला होता. त्या बिचाऱ्याच्या एका हातावर स्वतःचं खोकं, दुसऱ्या हातावर वासुदेवभाऊंचा लाडू आणि शेव. खायचं कशानं?

"काय पाहून राह्यले जी?" मामानं विचारलं.

"उजवीकडची घडी." वासुदेवभाऊ अंगठा फिरवत होते. "एक कागद कमी हाय."

मामानं लाडू तोंडात टाकला आणि एक खुर्ची सोडून पलीकडे जाऊन बसला. मला मागून विचारलं, "हे तुमच्याकडले का आमच्याकडले?" मी म्हटलं, आमच्या गल्लीतले. खोटं कशाला बोलू.

वासुदेवभाऊ मूळचे आंबागडचे. बायको यमुनाबाई सिहोऱ्याची. एक लेक, ती बालाघाटकडे दिली. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक गल्ली, आणि तुमसर रोडवरचा खोक्यांचा कारखाना आमचा दोघांचाही. मी तिथे पेस्टिंगच्या टेबलावर होती, म्हणजे खोक्यांना डिंक लावून चिकटवायचं काम. मालक गेला म्हणून मी कामाला लागली, आणि गुडघे गेले म्हणून मागच्या दिवाळीला काम सोडलं. मालक म्हणजे आमच्या घरचे. कारखान्याचा मालक अजून ठणठणीत आहे.

वासुदेवभाऊ डाय बसवायचे. ते काय असतं हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही.

एक प्लायवूडची पाटी असते. तिच्यात पोलादाच्या पट्ट्या उभ्या रोवलेल्या असतात. काही धारेच्या, त्या पुठ्ठा कापतात. काही बोथट, त्या घडी पाडतात. खोकं उकलल्यावर जसं दिसतं तसाच त्या पट्ट्यांचा नकाशा असतो. या पाटीला डाय म्हणतात. ती मशीनच्या जबड्यात घट्ट बसवायची, छापलेला पुठ्ठ्याचा ताव आत सरकवायचा, जबडा मिटला की खोकं कापून, घड्या पडून बाहेर. ऐकायला सोपं आहे. पण जबडा सगळीकडे सारखा मिटत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारखं असतं ते, एका बाजूनं चावते आणि दुसऱ्या बाजूनं नुसतं चघळते. जिथे पट्टी नीट कापत नसेल तिथे मागून पतंगीच्या कागदाची एक बारीक चिंधी चिकटवायची. तेवढ्यानं भागलं नाही तर आणखी एक. चिंधी जास्त झाली तर पुठ्ठा फाटते, कमी झाली तर सुटत नाही. ही चिंधी कुठे लावायची आणि किती, हे ज्याला समजते तो डाय बसवणारा.

आता ज्या माणसाचा जन्म या चिंध्या लावण्यात गेला, त्याला जग कसं दिसणार? जगात जिथे काही बिघडलेलं असेल तिथे वासुदेवभाऊंच्या मते एक कागद कमी असतो. खाट डुगडुगते, एक कागद कमी. वरणाला चव नाही, एक कागद कमी. नगरसेवकानं चौकात भाषण केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. वासुदेवभाऊ मागं उभे होते. म्हणाले, "मानूस चांगला हाय. शेवटाले एक कागद कमी पडला."

एकदा माझ्या मुलाचं आणि सुनेचं जुंपलं. आवाज गल्लीपार गेला. वासुदेवभाऊ आले, पायरीवर बसले, दोघांचं सगळं ऐकून घेतलं. अर्धा तास तरी बसले असतील. मग मला म्हणाले, "वहिनी, फार काही नाही. पोराच्या बाजूनं एक कागद कमी हाय." आणि उठून गेले. सून पदर तोंडाला लावून हसायला लागली. मुलगा चिडला, "हसते काहून वो?" म्हणता म्हणता तोही हसला. भांडण कशावरून होतं ते त्या दिवसापासून दोघांनाही आठवत नाही.

त्यांचा सगळा जीव उजव्या अंगठ्यात. लग्नाची पत्रिका दिली तर ते वाचत नाहीत, चाचपतात. तारीख बायकोला विचारतात. नवीन नोट आली की आधी तिची कड चाचपतात. बसमध्ये कंडक्टरनं तिकीट दिलं की ते फाडलेल्या बाजूवर अंगठा फिरवून त्याच्याकडे असे पाहतात, की कंडक्टरला वाटावं आपण एखाद्या पोराची शाळा सोडवल्याचं पाप केलं.

आणि कात्रीचा राग. असा राग मी सवतीचा सवतीवर पाहिला नाही. "कात्री म्हंजे आळशाचं हत्यार," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कात्री जिथे लावली तिथे दोन घासांमध्ये पायरी पडते म्हणतात. मी आयुष्यभर कात्री वापरली, मला काही पायरी दिसली नाही. त्यांच्या घरी दुधाची पिशवीसुद्धा कात्रीनं फोडायची सोय नाही. यमुनाबाई दातानं फोडायची. कारखान्यात नवीन शेड झाली तेव्हा कोणी साहेब फीत कापायला आले. सगळे टाळ्या वाजवून राहिले, आणि वासुदेवभाऊ मशीनच्या मागं तोंड फिरवून उभे, जसं कोंबडं कापताना मुली उभ्या राहतात.

आम्ही बायका त्यांची मजा करायचो. समोरासमोर करायचो, त्यांना वाईट वाटायचं नाही. पण एका गोष्टीत कोणी तोंड उघडायचं नाही. ती म्हणजे पहिला ताव. मशीन सकाळी सुरू होवो, चहानंतर होवो की डब्याच्या सुट्टीनंतर, पहिला ताव निघाला की मशीन थांबायची. वासुदेवभाऊ तो ताव हातात घ्यायचे, डोळे मिटायचे, आणि अंगठा सगळ्या घड्यांवरून, सगळ्या कापांवरून फिरवायचे. आंधळा माणूस आपल्या नातवाच्या तोंडावरून हात फिरवते तसा. मग म्हणायचे, "चालू द्या." त्याच्याआधी मालक आला तरी बटन दाबायची कोणाची हिंमत नव्हती.

त्यांचं वय साठीच्या पलीकडे गेलं होतं. मालक दरवर्षी एक-एक वर्ष वाढवून द्यायचा. मालक वाईट नाही. पण त्यानं सांगून ठेवलं होतं, "भाऊ, जबतक एक बी लॉट वापस नाही आला, तबतक मशीन तुमची. एक आला का मंग मी बी काई करू शकत नाही." नागपूरचा एक मिस्त्री यायला तयार बसला होता, तेही सगळ्यांना माहीत होतं. वासुदेवभाऊ म्हणायचे, "घरी बसून काय करू? घरी सबन घड्या पडून गेल्या." सबन म्हणजे सगळ्या. तीन दिवसांची सुट्टी घेतली होती एकदा, लेकीच्या बाळंतपणाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कारखान्याच्या खिडकीबाहेर उभे. म्हणाले, बस लवकर भेटली.

आता यमुनाबाईचं सांगते.

यमुनाबाईला साखर आहे, कितीतरी वर्षांपासून. साखरेनं तिचे डोळे हळूहळू गेले. एकदम गेले असते तर सगळ्यांना समजलं असतं. हळूहळू गेले म्हणून तिनं कोणाला समजू दिलं नाही. मला समजलं ते असं. मी वाटीत जवसाची चटणी घेऊन तिच्या दारात उभी होती. ती समोर बसून वेणी घालत होती, तोंड माझ्याकडेच. मी उभी, ती माझ्याकडे पाहते, आणि काही बोलत नाही. मला वाटलं रागावली. कशावरून रागावली ते आठवून पाहिलं, दोन-तीन कारणं सापडली. शेवटी मी खाकरली. तशी ती म्हणते, "ये ना बाई. कवाची पाहून राह्यली मी तुले."

मी आत गेली. चटणी ठेवली.

त्यानंतर माझं लक्ष राहिलं. टीव्हीवरची मालिका ती नुसती ऐकते आणि दुसऱ्या दिवशी मला सांगते, कोणी कोणते कपडे घातले होते तेही सांगते, मनानं. सुईत दोरा ओवायचा असला की "उद्या ओवतो" म्हणते, आमच्याकडल्या बायका असंच बोलतात. माणसं पायाच्या आवाजावरून ओळखते आणि दुरूनच हाक मारते, म्हणजे पाहूनच मारली असं वाटावं. गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाटते यमुनाबाईची नजर गरुडासारखी आहे.

आणि वासुदेवभाऊ? मला वाटायचं या माणसाला पुठ्ठ्याशिवाय काही दिसत नाही, बायकोचे डोळे काय दिसणार. घरात मात्र त्यांचं एक चालायचं, कुठलीच वस्तू जागची हलू द्यायची नाही. पाण्याचा गुंड इथं, म्हणजे इथंच. आगपेटी चुलीच्या उजव्या अंगाला, एक बोट सोडून. मी एकदा बसायला खुर्ची थोडी सरकवली तर माझ्या पाठीमागं येऊन पुन्हा होती तिथं केली. मी मनात म्हटलं, डाय बसवता बसवता घरही बसवून टाकलं या बाबानं.

मग एक दिवस यमुनाबाईनं रात्रीची गोळी सकाळी घेतली. अंगणात आली आणि मटकन खाली बसली. आम्ही धावलो, तोंडावर पाणी मारलं, साखर चारली. शुद्धीवर आली तशी म्हणते, "ऊन किती पडून राह्यलं." आभाळ भरलेलं होतं, उन्हाचा पत्ता नव्हता. वासुदेवभाऊ तिच्या डोक्याशी बसले होते. वर पाहिलंही नाही. म्हणाले, "हो ना. लयच ऊन हाय आज."

तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली, की या माणसाला सगळं माहीत असावं.

राखीचा सीझन होता. गोंदियाच्या एका मिठाईवाल्याचा मोठा लॉट मशीनवर लागला होता. गुलाबी खोकी, वर सोनेरी वेल. सकाळी वासुदेवभाऊंनी डाय बसवली, पहिला ताव पाहिला, "चालू द्या" म्हटलं. दुपारी डब्याची सुट्टी झाली. आम्ही बायका शेडच्या सावलीला बसलो. वासुदेवभाऊ दिसेनात. मी पाणी प्यायला आत गेली तर ते एकटेच मशीनमध्ये डोकं घालून, हातोडीनं टुक-टुक करून राहिले.

"डबा नाही खाल्ला काय जी?"

"खातो ना. तुमी जा, वहिनी."

मग हातानं चाक फिरवून त्यांनी एक ताव काढला. पुन्हा टुक-टुक. पुन्हा एक ताव. मला वाटलं कुठं एक कागद कमी असेल, आपल्याला काय. मी परत आली. घंटा झाली तेव्हा मी पाहिलं, ते काहीतरी सदऱ्याच्या आत घालून मशीनपासून बाजूला होत होते. घाईत होते. मशीन सुरू झाली. पहिला ताव निघाला, दुसरा निघाला, तिसरा निघाला. कोणी थांबवली नाही. ते सदरा दाबत आपल्या पिशवीकडे गेले होते. मशीनवाल्याला वाटलं, सकाळी पाहिलंच आहे.

दुसऱ्या दिवशी ती खोकी माझ्या टेबलावर आली. मी डिंक लावायला झाकणाची कड धरली तर बोटाला काहीतरी लागलं. नखाएवढी खाच. मला वाटलं एखाद्या खोक्याला असेल. दुसरं घेतलं. त्यालाही. तिसऱ्यालाही, नेमकी त्याच जागी. मी गठ्ठ्याच्या खालून एक ओढलं, मधून एक ओढलं. डोळ्याला पटकन दिसत नव्हती, पण हाताला लागत होती. सोनेरी वेलीच्या टोकावर, कोणी उंदरानं चाखून पाहिल्यासारखी.

मी खोकं पदराखाली घेतलं आणि वासुदेवभाऊंकडे गेली. हळूच हातात दिलं. त्यांनी अंगठा फिरवला. खाचेवर अंगठा थांबला तो थांबलाच.

"किती हाय असे?"

"सुट्टीनंतरचे सबनच."

त्यांनी खोकं घडी करून खिशात ठेवलं, आणि स्वतःच मालकाच्या केबिनमध्ये गेले. कोणी बोलावलं नव्हतं. केबिनचं दार उघडंच असते, आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

मालकानं खोकं उलटंसुलटं केलं. "हे कसं झालं, भाऊ?"

"डायमंदी पट्टीचा तुकडा राहून गेला."

"कुठून आला तुकडा?"

वासुदेवभाऊ टेबलाची कड चाचपत राहिले.

"आणि पहिला ताव? तुमी नाही पाहिला?"

"नाही पाहिला."

"तुमी? पहिला ताव नाही पाहिला?" मालकाला राग कमी आणि नवल जास्त वाटत होतं. खोकं टेबलावर ठेवून तो म्हणाला, "डोळे गेले काय तुमचे?"

मग वासुदेवभाऊ म्हणाले, "असंन जी. वय झालं."

लॉट रद्द करायचं, पुन्हा छापायचं ठरलं, म्हणजे वापस आल्यातच जमा. मिठाईवाला फोनवर काय बोलला ते मी लिहीत नाही, माझी नात हे वाचणार आहे. आणि आठवड्याभरात नागपूरचा मिस्त्री आला. वासुदेवभाऊंना मालकानं घरी नाही बसवलं, एवढं त्याचं चांगलं. दिवाळीपर्यंत आमच्या बाजूच्या टेबलावर बसवलं. तिथे कापलेल्या तावांमधली कतरन हातानं झटकून वेगळी करतात. ते बायकांचं काम. सहा बायका आणि मध्ये वासुदेवभाऊ.

पहिल्या दिवशी आम्ही कोणीच त्यांची मजा केली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सुरुवात केली. शांताबाई कतरन ओढत होती, तिला म्हणाले, "ओढू नोको बाई, ते काय केस होय? दाब, आपोआप सुटन." चार दिवसांत सगळ्या बायकांना त्यांनी दाबायला शिकवलं आणि काम अर्ध्या वेळात व्हायला लागलं. नवीन मिस्त्री तिकडे मशीनपाशी घाम पुसायचा. जबडा मिटल्याचा आवाज आला की वासुदेवभाऊंचा हात मध्येच थांबायचा, मान त्या बाजूला वळायची. ओठ हलायचे. आवाज करायचे नाहीत. मला त्यांचं ते ओठ हलवणं पाहवायचं नाही.

एक दिवस सुटी झाल्यावर मी त्यांना रस्त्यात गाठलं. ते सायकल हातात धरून पायी चालले होते, म्हणजे घरी जायची घाई नव्हती.

"त्या दिवशी सुट्टीत काय करत होते जी? मी पाहिलं तुमाले."

"काई नाही."

"भाऊ, मी त्या खोक्यावर बोट फिरवलं. तुकडा आपोआप नाही येत."

मग ते बोलले. यमुनाबाईच्या गोळ्यांसाठी तीन खोकी हवी होती. सकाळची, दुपारची, रात्रीची. ज्याच्यावर बोट ठेवलं की समजेल अशी. एक खाच, दोन खाचा, तीन खाचा. पट्टीचे तीन बारके तुकडे वाकवून डायच्या पट्ट्यांच्या बाजूनं जे रबर चिकटवलेलं असते त्यात दाबले, एक-एक वाढवत तीन ताव काढले. दोन तुकडे परत काढले आणि घंटा झाली.

"अन् कात्रीनं खाच नसती पाडता आली?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी बापाच्या मौतीत जेवणाला काय आहे असं विचारलं.

मी म्हटलं, "मी उद्या मालकाले सांगतो. बायकोसाठी केलं म्हटल्यावर तोही माणूस हाय, त्याले बी आई हाय. मशीन वापस देईन."

"नाही." ते थांबले. "सांगू नोका, वहिनी. कारखान्यात सांगतलं का गल्लीत येते. गल्लीत आलं का तिच्या कानावर जाते."

"मंग काय होते? तिले काय माहीत नाही तिचे डोळे?"

"तिले तिचे डोळे माहीत हाय. मले माहीत हाय, हे तिले माहीत नाही." ते सायकलच्या सीटवर अंगठा फिरवून राहिले होते. "आता ती 'मले दिसते' म्हणून चालते. चूल पेटवते, अंगण झाडते, नळावर जाते. मले माहीत हाय हे तिले समजलं, का ती खाटेवर बसून जाईन. मंग उठणार नाही. मी तिले ओळखतो ना."

"अन् तुमची मशीन?"

ते सायकलवर बसले आणि निघून गेले. उत्तर द्यायचं नसलं की पुरुषमाणसाला सायकल कामी येते.

मी नाही सांगितलं. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही अशी माझी ख्याती आहे, माझी बहीण अजून मला तिच्या सुनेच्या गोष्टी सांगत नाही. पण ही राहिली. आज लिहून राहिली कारण ज्यांना समजायला नको होतं त्यांना आता समजलं तरी काही बिघडत नाही. कारखान्यात ती मशीनच राहिली नाही, नवीन आली. आणि यमुनाबाईला कोणी वाचून दाखवेल असं मला वाटत नाही.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. रविवार होता, वासुदेवभाऊ बाजारात गेले होते. मी यमुनाबाईकडे बसायला गेली. तिनं चहा केला. कपात बोटाचं टोक घालून चहा ओतला आणि बोट पदराला पुसलं. मी भिंतीकडे पाहिलं. फळीवर ती तीन गुलाबी खोकी होती, सोनेरी वेलीची. गोळ्यांची खोकी म्हणून जरा जास्तच नटलेली.

यमुनाबाईनं एक खोकं काढून माझ्या हातात दिलं. नवऱ्याचं नाव ती घेत नाही, 'यायनं', 'यायचे' असंच म्हणते. "हे पाहिलं काय? यायनं आणलं. बोट फिरव. खाच लागते काय?"

"लागते ना."

"एक सकाळची, दोन दुपारची, तीन रातची." तिनं दाराकडे कान दिला, आणि माझ्याजवळ सरकली. "तुले सांगू काय बाई? कोणाले म्हणू नोको."

"नाही म्हणत."

"यायचे डोळे गेले."

मी कप खाली ठेवला.

"मले म्हणाले, लाईट गेली का मले ओळखू येत नाही कोणची गोळी कोणची, तुले चुकून दुसरीच देईन, म्हणून खाचा पाडून आणल्या. लाईटचं निमित्त हाय. मी समजली. माणूस म्हणते काय कधी, मले दिसत नाही?" तिनं खोकं परत घेतलं, हातानं फळीची कड शोधली आणि जागेवर ठेवलं. "अन् आता रस्त्यानं चालताना माहा हात धरतात. लगन झाल्यापासून कधी धरला नाही. सिहोऱ्याच्या यात्रेत मी हरवली होती, तरी नाही धरला. आता बाजारात जाऊ द्या, दवाखान्यात जाऊ द्या, घट्ट धरतात. दिसत असतं तर काहून धरला असता?"

मी म्हटलं, "हो ना."

"कारखान्यात बोलू नोको. मालकाले समजलं का डोळे गेले, तर यायची मशीन जाईन. मशीन गेली का हा माणूस राहत नाही, मी तुले सांगतो."

"नाही बोलत," मी म्हटलं. मशीन गेल्याचं त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं.

"मी कळू देत नाही त्यायले. आपलं पाहून घेतो सबन."

बाहेर सायकल लावल्याचा आवाज आला. यमुनाबाई उठली. पाण्याच्या गुंडाला वळसा घालून, भिंतीला बोट लावत ती दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यात उभी राहिली. वासुदेवभाऊंच्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. तिनं हात पुढे केला, थोडा बाजूला, ते होते तिथून हातभर डावीकडे.

"सांभाळून या," ती म्हणाली. "पायरी हाय."

त्या घराच्या त्या पायरीवर वासुदेवभाऊ लग्न झाल्यापासून चढत आले आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एका हातातली पिशवी खाली ठेवली, हातभर डावीकडे सरकले, आणि तिचा हात धरला.

"बरं झालं सांगतलं," ते म्हणाले.